दोन घरांत मुलं, पगार एकच: पोटगीची रक्कम बदलून घेताना

घटस्फोट होतो, मुलं आईकडे राहतात, कोर्ट दरमहा रक्कम ठरवून देतं. दोन-तीन वर्षांनी वडिलांचं दुसरं लग्न होतं, तिथंही मूल होतं. मग एका महिन्यात पहिल्या घरी ठरलेल्या रकमेच्या निम्मेच पैसे येतात, आणि पाठोपाठ मेसेज येतो की आता मलाही संसार आहे. कौटुंबिक न्यायालयातल्या कितीतरी वसुली अर्जांचं मूळ असल्या एखाद्या महिन्यात असतं.

दोन्ही बाजूंच्या समजुती चुकीच्या असतात. वडिलांना वाटतं, नवं मूल आलं म्हणजे जुनी पोटगी आपोआप खाली आली. आईला वाटतं, त्याच्या दुसऱ्या घराशी कोर्टाला काही देणंघेणं नाही. खरं असं आहे की कोर्ट दुसऱ्या लग्नाकडे फारशा सहानुभूतीनं बघत नाही, पण दुसऱ्या घरातल्या मुलाकडे बघतं. आणि तेही कोणी रीतसर अर्ज करून ते मूल कागदावर आणलं तरच.

आधी कायदा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सगळ्यांच्या तोंडी आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नं घेतली आहे. मजकूर जवळपास तोच. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल औरस असो वा अनौरस, त्याला पोटगीचा हक्क आहे. हे कलम धर्म बघत नाही, त्यामुळे एकाच वेळी दोन संसार असलेल्या मुस्लिम वडिलांनाही ते तसंच लागू होतं. हिंदूंसाठी शिवाय हिंदू दत्तक व पोटगी कायदा १९५६ आहे. त्याचं कलम २३ रक्कम ठरवताना काय काय बघायचं ते सांगतं: दोघांची परिस्थिती, मागणाऱ्याच्या वाजवी गरजा, त्याचं स्वतःचं उत्पन्न, आणि पोटगीचा हक्क असलेल्या माणसांची संख्या. दोन घरांच्या वादात सगळा युक्तिवाद या शेवटच्या मुद्द्यावर उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात, जो नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला आहे, हेच देशभरासाठी मांडलं. देणाऱ्याचं खरं उत्पन्न, त्याचा स्वतःचा वाजवी खर्च, आणि कायद्यानं ज्यांना सांभाळणं त्याला भाग आहे अशी अवलंबून माणसं, हे सगळं बघून रक्कम ठरवायची. 'कायद्यानं भाग आहे' हे शब्द अधोरेखित करून ठेवा. प्रेमापोटी सांभाळलेला पुतण्या किंवा भाची त्यात येत नाही.

मग येतं कोण? दुसऱ्या लग्नाचं मूल येतं. पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं असेल तर ते दुसरं लग्न रद्दबातल, पण त्यातलं मूल हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नं औरसच ठरतं, त्याचा हक्क जात नाही. दत्तक घेतलेलं मूल येतं. सावत्र मूल, म्हणजे दुसऱ्या पत्नीला तिच्या आधीच्या लग्नापासून झालेलं, कलम १४४ मध्ये बसत नाही. त्याचे जन्मदाते वडील आधी जबाबदार. अठरा पूर्ण झालेला धडधाकट मुलगा जातो. अठरा पूर्ण झालेली अविवाहित मुलगी कलम १४४ मधून बाहेर पडते, पण ती स्वतःचं भागवू शकत नसेल तर १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली लग्न होईपर्यंत तिचा हक्क टिकतो. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे जे मूल स्वतःचं भागवू शकत नाही, त्याला वयाची अट नाही (लग्न झालेली मुलगी वगळता). म्हातारे आईवडीलही येतात, पण तीन भाऊ असतील तर आईचा पूर्ण खर्च एकट्याच्या खात्यावर दाखवता येत नाही. समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारतो.

दुसरी पत्नी हा वेगळा विषय. जबाबदारी माहीत असताना दुसरं लग्न केलं, तर त्याचा भार पहिल्या बायको-मुलांनी का सोसावा, अशी भूमिका काही उच्च न्यायालयांनी घेतली आहे, आणि ती पटण्यासारखी आहे. दुसरी पत्नी नोकरी करत असेल तर प्रश्नच मिटतो. ती घरी असेल तर कोर्ट तिला मोजेलही, पण तिच्या नावावर मोठी कपात मिळेल अशी आशा धरू नये.

एक धोक्याचा कोपरा इथंच सांगतो. पहिला घटस्फोट झालेला नसताना दुसरा संसार मांडलेला माणूस पोटगी कमी करा म्हणून शपथपत्रात दुसरी पत्नी दाखवतो, तेव्हा तो द्विभार्येची लेखी कबुलीच देत असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि सरकारी नोकर असेल तर वर्तणूक नियमांखाली खातेचौकशी वेगळी. अशा वेळी अर्जात मुलाबद्दल लिहावं की नाही, आणि लिहिलं तर कसं, हे वकिलाशी बसून आधी ठरवायला हवं.

आता आकडे. प्रत्येक जण '२५ टक्के' हा मंत्र जपत असतो. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० च्या एका निकालात आहे आणि तो पत्नीच्या पोटगीबद्दल होता. मुलं किती, घरं किती, याचं उत्तर त्यात नाही. परदेशात काही ठिकाणी सरकारी तक्ता असतो, उत्पन्न आणि मुलांची संख्या टाकली की रक्कम निघते. आपल्याकडे तसा तक्ता नाही. आहे तो न्यायाधीशाचा विवेक, आणि त्याच्यासमोर ठेवलेला हिशेब.

दोन घरांच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी निकाल १९ एप्रिल २०१७ चा, सर्वोच्च न्यायालयाचा, पश्चिम बंगालमधल्या प्रकरणातला. पतीचा निव्वळ पगार सुमारे ९५ हजार. पत्नी आणि मुलाला मिळून १६ हजार मिळत होते, ते उच्च न्यायालयानं वाढवून २३ हजार केले. पती वर गेला. सर्वोच्च न्यायालयानं २५ टक्क्यांचं तत्त्व मान्य केलं, पण पतीनं पुन्हा लग्न केलं आहे आणि त्याला त्या लग्नापासून एक मूल आहे हे लक्षात घेऊन रक्कम २० हजारांवर आणली. या निकालाचा दाखला देणारे वडील तीन हजारांच्या कपातीवर बोट ठेवतात. पूर्ण वाचला तर दिसतं की दुसरं मूल असूनही पहिल्या घरची रक्कम १६ वरून २० हजारांवर गेली, कारण दरम्यान पगार वाढला होता. पगारवाढ आणि नवं मूल एकमेकांविरुद्ध ओढत असतात. कोणता ओढा जड, तेवढाच प्रश्न असतो.

हिशेब मांडायची एक सोपी रीत दिल्ली उच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितली. कुटुंबाचं उत्पन्न हा एक केक समजायचा, प्रत्येक माणसाला एक वाटा, कमावणाऱ्याला एक जादा. महाराष्ट्रातल्या कोर्टांवर ती रीत बंधनकारक नाही, पण लेखी युक्तिवादाला जोडायला उत्तम, कारण तोंडी रडगाण्यापेक्षा अर्ध्या पानाचा तक्ता न्यायाधीश वाचतो.

उदाहरण घेऊ. वडिलांचा एकूण पगार ६५,६००. मूळ वेतनाच्या ४५ हजारांवर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी ५,४००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). राहिले ६० हजार. पगारपत्रकावर मात्र हातात ३८ हजार दिसतात, कारण पगारदार पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता १४ हजार, स्वेच्छेनं वाढवलेला निधी ५ हजार आणि विम्याचा हप्ता ३ हजार वळते होतात. वडील अर्जात ३८ लिहितात. कोर्ट ६० धरतं. आयकर, व्यवसाय कर, सक्तीचा निधी एवढीच वजावट कोर्टं साधारणपणे मान्य करतात. स्वतःहून लावून घेतलेले हप्ते मुलांच्या ताटाआधी येत नाहीत. पोटगीचा अर्ज आल्यावर काढलेलं कर्ज तर उलट संशय वाढवतं.

आता वाटे. पहिल्या घरी न कमावणारी घटस्फोटित पत्नी आणि दोन मुलं, वडिलांकडे त्यांची आई. वडिलांचे दोन, पत्नीचा एक, मुलांचे दोन, आजीचा एक, एकूण सहा वाटे. एक वाटा १० हजार. पहिल्या घराला ३० हजार.

दुसरं लग्न झालं, पत्नी घरी असते, एक मूल झालं. वाटे आठ, एक वाटा साडेसात हजार, पहिल्या घराला २२,५००. म्हणजे अगदी वडिलांच्या बाजूनं मांडलं तरी कपात पंचवीस टक्क्यांची आहे, निम्म्याची नाही.

आता धरा की दुसरी पत्नी महिना ३० हजार कमावते. तिचा वाटा या पगारातून निघाला. शिवाय तिच्या मुलाच्या खर्चातही तिचा भाग आहे. दोघंही कमावत असतील तर मुलांचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात वाटायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली एका प्रकरणात स्पष्ट केलं होतं. तिथं वडिलांचा पगार आईच्या दुप्पट होता म्हणून दोन भाग वडिलांचे, एक आईचा. इथंही ६० आणि ३०, म्हणजे नव्या मुलाच्या वाट्याचे दोन तृतीयांशच वडिलांकडे. वाटे झाले सहा आणि दोन तृतीयांश, एक वाटा ९ हजार, पहिल्या घराला २७ हजार. ३० हजारांवरून फक्त तीन हजारांची कपात. दुसऱ्या पत्नीचं उत्पन्न लपवण्याकडे कल का असतो ते या फरकावरून कळतं, आणि ते बाहेर काढणं पहिल्या घराच्या फायद्याचं का आहे तेही. हाच न्याय पहिल्या घरालाही लागतो. घटस्फोटित पत्नी कमावती असेल तर मुलांचा खर्च तिच्याही उत्पन्नाच्या प्रमाणात विभागला जाईल.

या वाट्यांच्या रीतीची मर्यादा अशी की ती गरज बघत नाही. दोन वर्षांच्या बाळाचा आणि दहावीतल्या मुलीचा खर्च सारखा नसतो. म्हणून तक्त्याशेजारी प्रत्येक मुलाचा खरा खर्च लिहायचा: शाळेची फी, बस किंवा रिक्षा, शिकवणी, औषधं, जेवणखाण आणि घरभाड्यातला त्याचा भाग. 'रजनेश' निकालात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार, शिक्षण हे सगळं मुलाच्या खर्चात धरलं आहे, जादा शिकवणीही, फक्त ती अवाच्या सवा नको. दोन्ही घरांतल्या मुलांना समान रक्कम मिळालीच पाहिजे असा नियम नाही. पण पहिल्या घरच्या मुलाला मराठी शाळेची फी परवडत नाही म्हणायचं आणि दुसऱ्या घरच्या मुलाला महागड्या नर्सरीत घालायचं, हे शपथपत्रांतून उघडं पडतं.

अर्ज कुठे आणि कसा

मूळ आदेश कोणत्या कायद्याखाली झाला ते आधी बघा, कारण दार त्यावर ठरतं. कलम १२५ किंवा १४४ चा आदेश असेल तर परिस्थिती बदलल्याचा अर्ज कलम १४६ खाली (जुनं १२७, जुन्या आदेशावर अर्ज करताना दोन्ही कलमं लिहिली तर बिघडत नाही). हिंदू विवाह कायद्यातल्या खटल्यात मुलांसाठी झालेला आदेश कलम २६ खालीच बदलता येतो. १९५६ च्या कायद्याचा आदेश असेल तर कलम २५. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालची रक्कम असेल तर त्याच कायद्याचं कलम २५. एकाच घरासाठी दोन-तीन कायद्यांखाली आदेश असणं आपल्याकडे नेहमीचं आहे. त्यातली एक रक्कम बदलायची तर ज्या कोर्टानं ती दिली त्याच कोर्टात, त्याच प्रकरणात जायचं. दुसऱ्या कोर्टात नवा अर्ज टाकून जुना आदेश फिरवता येत नाही. दुसरं कोर्ट फक्त आधीची रक्कम वजा धरू शकतं, आणि त्यासाठी आधीचा आदेश त्याला कळवणं दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे.

इथंच दोन घरांची मोठी गाठ बसते. पुण्याच्या कोर्टानं पहिल्या घराला पगाराच्या चौथाईचा आदेश दिला. दुसराही संसार मोडला, तिकडे नाशिकच्या कोर्टात दुसऱ्या पत्नीनं अर्ज केला. नाशिकच्या कोर्टाला पुण्याचा आदेश कोण सांगणार? वडील तोंडी सांगतात, पुरावा देत नाहीत, कोर्ट पूर्ण पगार धरून आदेश करतं, आणि दोन्ही आदेश मिळून न झेपणारा बोजा होतो. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: पुण्याच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल आणि गेल्या वर्षभराचे बँकेतून पैसे गेल्याचे उतारे पहिल्याच तारखेला नाशिकच्या प्रकरणात दाखल करायचे. पुण्यातली रक्कम प्रत्यक्षात भरलीच जात नसेल तर तिची वजावट मागायला तोंड राहत नाही.

अर्जासोबत मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र लागतं. २०२० च्या निकालात त्याचे नमुने ठरवून दिले आहेत, शेतीवर जगणाऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे. सातबारा, आठ-अ, पीक विकल्याच्या पावत्या त्यात याव्यात. शेती वडिलांच्या नावावर आहे, माझं काही नाही, हे वाक्य ग्रामीण भागात हमखास ऐकू येतं. अशा वेळी हा माणूस प्रत्यक्षात कशावर जगतो, हा प्रश्न कोर्टापुढे येतोच. उत्तर देणाऱ्यालाही आपलं शपथपत्र चार आठवड्यांत द्यायचं असतं. मुद्दाम टाळाटाळ झाली तर बचाव काढून टाकायचा अधिकार कोर्टाला आहे. अवलंबून माणसांच्या रकान्यात दोन्ही घरांची मुलं लिहा, जन्मतारखांसह. जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, फीच्या पावत्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, बँकेचे उतारे आणि दुसऱ्या पत्नीच्या उत्पन्नाचा पुरावा जोडा. पत्नीचं उत्पन्न नसेल तर तसं स्पष्ट लिहा, रकाना कोरा ठेवू नका.

'परिस्थिती बदलली' हे सिद्ध करायचं म्हणजे दोन तारखांची तुलना करायची: मूळ आदेशाच्या दिवशी काय होतं आणि आज काय आहे. मूळ आदेशाच्या वेळी दुसरं मूल जन्मलेलंच होतं आणि ते सांगितलं नव्हतं, तर तो बदल नव्हे, ती लपवाछपवी. आणि पगार तेव्हा ४० हजार होता, आज ६० झाला, तर अर्ज करून तुम्हीच ती वाढ कोर्टापुढे ठेवता. अशा अर्जातून रक्कम वाढून आल्याचे प्रकार होतात. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी वरचा तक्ता दोन्ही तारखांसाठी मांडून बघावा. नवा आकडा जुन्या आदेशापेक्षा मोठा येत असेल तर वकिलाची फी वाचवा.

निकाल लागेपर्यंत जुनी रक्कम पूर्ण भरत राहायची. ही एक गोष्ट पाळली तर निम्मे घोळ टळतात. पोटगी कमी करण्याचा अधिकार कोर्टाचा आहे, देणाऱ्याचा नाही, आणि अर्ज पडून आहे म्हणून थकबाकी थांबत नाही. बाळाच्या जन्मापासून मागच्या तारखेनं कपात मिळेल असंही धरू नका. दीड वर्ष उशिरा अर्ज केला तर ते दीड वर्ष जुन्याच दरानं जातं. रक्कम खरंच झेपत नसेल तर मुख्य अर्जासोबत अंतरिम अर्ज टाका, आणि दरम्यान जेवढं शक्य तेवढं दर महिन्याला ठरल्या तारखेला पाठवा. शून्य भरणाऱ्यापेक्षा थोडं कमी भरणाऱ्याचं कोर्ट जास्त ऐकतं.

पैसे बँकेतून जाऊ द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. रोख दिलेले, मुलाच्या वाढदिवसाला घेतलेली सायकल, परस्पर भरलेली शाळेची फी, यातलं काहीही आदेशात तसं म्हटलेलं नसेल तर पोटगीत धरलं जाईल याची खात्री नाही. फी थेट शाळेत भरायची असं दोघांचं ठरलं असेल तर तशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दोघांच्या सहीनं दाखल करून घ्यावी.

आदेशातली एक ओळ जी नंतर रडवते

'पत्नी व दोन मुलांना मिळून दरमहा २५,००० द्यावेत.' असा एकत्र आकडा असलेला आदेश पुढे प्रत्येक बदलाला नवा वाद होतो. घटस्फोटित पत्नीनं पुन्हा लग्न केलं की तिची स्वतःची पोटगी त्या लग्नाच्या तारखेपासून रद्द होऊ शकते, कलम १४६ मध्ये तशी तरतूद आहे. मुलांची मात्र चालूच राहते. वडील तेच राहतात. आईचा नवा नवरा मुलांचा खर्च करायला बांधील होत नाही. पण २५ हजारांतले आईचे किती आणि मुलांचे किती, हे आदेशात नसेल तर वडील सगळेच थांबवतात आणि आई सगळेच मागत राहते. तसंच एक मूल अठराचं झालं की दुसऱ्याच्या वाट्याचं काय? म्हणून आदेश होतानाच माणशी रक्कम मागायची: मुलगी १०,०००, मुलगा ८,०००, आई ७,०००. संमतीच्या अटींचा मसुदा तयार होत असतानाच हे करणं सोपं असतं, नंतर तेवढ्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

माणशी आदेश असला तरी अठरावा वाढदिवस ही दोन्ही घरांनी आधी सहा महिने डोळ्यांपुढे ठेवायची तारीख आहे. वडिलांनी आपणच रक्कम कापण्याऐवजी त्या मुलापुरता आदेश संपल्याची नोंद कोर्टात करून घ्यावी. ते मूल मुलगी असेल तर १९५६ च्या कायद्याखाली तिचा स्वतंत्र अर्ज तयार ठेवावा. आणि धाकट्याचा खर्च वाढला असेल तर ती वाढ मागायची हीच वेळ, कारण वडिलांच्या पगारातला एक वाटा मोकळा होतो.

वाढीचं कलमही तेव्हाच घालून घ्या. २९ मे २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटित पत्नीला दरमहा ५० हजार आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली. पतीनं दुसऱ्या संसाराचं आणि वृद्ध आईवडिलांचं कारण पुढे केलं होतं तरीही. मुलांच्या बाबतीत ५ टक्के कमीच पडतात, शाळेची फी त्याहून भराभर चढते. इयत्ता पाचवी, आठवी आणि अकरावी अशा टप्प्यांवर रक्कम बदलेल असं लिहून घेतलं तर ते जास्त उपयोगाचं.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात आई कधी कधी लिहून देते की मुलांसाठी काही मागणार नाही. हक्क मुलाचा आहे, आईनं सोडल्यानं तो संपत नाही, असंच कोर्टं मानत आली आहेत. वडिलांनी दुसऱ्या संसाराचं गणित त्या कागदाच्या भरवशावर मांडू नये.

समोरून कपातीचा अर्ज आला तर

आईनं घाबरून तडजोड करण्याआधी चार गोष्टी मागाव्यात: नव्या बाळाचा जन्मदाखला, दुसऱ्या पत्नीचं उत्पन्न, मूळ आदेशाच्या वर्षातलं आणि आजचं पगारपत्रक, आणि कर्ज असेल तर ते कधी व कशासाठी काढलं त्याचे कागद. शपथपत्रात हे नसेल तर कागद हजर करायला लावण्याचा अर्ज करता येतो. नोकरी सोडली, आता उत्पन्न नाही, असं उत्तर आलं तर शिक्षण, अनुभव आणि जुना पगार दाखवा. धडधाकट माणसानं कष्ट करून बायको-मुलांना पोसलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मुलांचा खर्च वाढला असेल तर नुसत्या उत्तरात तसं लिहून थांबू नका, वाढीचा आपला स्वतंत्र अर्ज टाका आणि दोन्ही अर्ज एकत्र चालवण्याची विनंती करा.

थकबाकीची वसुली करताना घड्याळ लक्षात ठेवायचं. कलम १४४ खाली वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. समेट होईल म्हणून दोन वर्षं थांबलेल्या बायकांची जुनी थकबाकी या वाटेनं अडकते. वर्षातून एकदा तरी वसुली अर्ज टाकत राहावं. वॉरंटनंतरही पैसे आले नाहीत तर महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते, पण कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही, हे १९८९ पासून पक्कं आहे. पगारावर जप्ती आणायची असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित ठेवतं. म्हणजे दोन तृतीयांशपर्यंत हात घालता येतो, इतर कर्जांच्या वसुलीपेक्षा कितीतरी जास्त. दोन घरांचे दोन हुकूमनामे एकाच आस्थापना विभागात पोचले की भांडण या दोन तृतीयांशांवर होतं. अशा वेळी दोन्ही घरांनी एकमेकींविरुद्ध लढण्यापेक्षा आपापल्या कोर्टाला दुसऱ्या जप्तीची माहिती देणं शहाणपणाचं.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच महिने जातात, विशेषतः वडील दुसऱ्या घरी राहायला गेले आणि जुन्या पत्त्यावर नोटीस परत आली की. अर्जात त्यांचे दोन्ही घरांचे पत्ते, नोकरीचा पत्ता, मोबाईल नंबर आणि ईमेल सुरुवातीलाच द्या. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कायदेशीर मदतीसाठी स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. वडिलांनाही तिथं दार आहे, फक्त त्यांना बहुतेक वेळा उत्पन्नाचा दाखला न्यावा लागतो.